सौम्य थंडीतले थीम पार्क: जाड कोट घरी, पातळ थर बॅगेत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की थीम पार्कच्या सहलींची माहितीपत्रके फिरू लागतात. त्यांत कपड्यांविषयी बहुधा एकच ओळ असते: ‘सोबत उबदार कपडे घ्यावेत.’ वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतही याहून फारसे काही सापडत नाही. बर्फ पडणाऱ्या गावी जायचे असेल तर ही ओळ पुरते. हिवाळा जिथे सौम्य असतो तिथे मात्र ती वाचून घरातला सर्वांत जाड कोट बॅगेत जातो, बॅगेची निम्मी जागा खातो आणि दुपारी बारा वाजता हातावर लोंबकळत राहतो. तोवर आतला टीशर्ट घामाने भिजलेला असतो. रात्री आतषबाजी बघायला उभे राहिल्यावर त्याच ओल्या टीशर्टामुळे हुडहुडी भरते, आणि वर कितीही जाड कोट चढवला तरी ती लवकर जात नाही.

सौम्य म्हणजे किती, हे आधी आकड्यांत पाहू. अमेरिकेतल्या थीम पार्कांच्या शहरांपैकी फ्लोरिडातील ऑर्लँडो किंवा कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम घ्या. जानेवारीत दोन्हीकडे दुपारचे सरासरी कमाल तापमान २१-२२ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पहाटेचे किमान ९-१० अंशांच्या आसपास असते. हाँगकाँगला हा फरक बराच कमी, साधारण १५ ते १९ अंश. म्हणजे पहिल्या दोन ठिकाणी एकाच दिवसात बारा अंशांचा चढउतार होतो. ही झाली सरासरी. ऑर्लँडोकडे थंड हवेची लाट आली की पहाट ४-५ अंशांवर उतरते, आणि लाट ओसरली की काही दिवसांतच दुपार २६-२७ अंशांवर जाते. पाच दिवसांच्या मुक्कामात दोन्ही अनुभवायला मिळणे मुळीच दुर्मीळ नाही.

थीम पार्कची अडचण अशी की माणूस सकाळी हॉटेलातून निघतो तो रात्रीच परततो. मधल्या बारा तासांत कपाट म्हणजे पाठीवरची सॅक. या बारा तासांत तीन वेगळे ऋतू येतात. पहिला, दार उघडण्याआधीच्या रांगेतला: ऊन कोवळे, हवा १० अंशांची, आणि तासभर जागेवर उभे राहणे. दुसरा, साडेदहा ते चारचा: भरभर चालणे, डोक्यावर ऊन, मध्येच बंदिस्त रांगांमधली कोंदट हवा. तिसरा सूर्यास्तानंतरचा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेपाच ते सव्वासहाच्या दरम्यान मावळतो, पार्क मात्र त्यानंतरही कित्येक तास चालू राहते, आणि मिरवणूक, रोषणाई, आतषबाजी हे बसून किंवा उभे राहून पाहण्याचे कार्यक्रम नेमके याच वेळी असतात.

बसणे आणि चालणे यांतला फरक तापमापकात दिसत नाही, शरीराला मात्र तो लगेच जाणवतो. जोराने चालणारे शरीर बसलेल्या शरीराच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक उष्णता निर्माण करते. म्हणून १४ अंशांत चालताना एक टीशर्ट आणि पातळ स्वेटर पुरतो, आणि त्याच १४ अंशांत फरशीवर पाऊण तास बसले की दात वाजू लागतात. यावरचा उपाय म्हणजे बसण्याआधी थर चढवणे. थंडी वाजू लागल्यावर चढवलेला थर उशिरा काम करतो, कारण कपडा स्वतः ऊब देत नाही. अंगातून निघालेली ऊब तो धरून ठेवतो. धरायला काही उरलेच नसेल तर तो तरी काय करणार?

आता ओल्या टीशर्टाविषयी, कारण बहुतेकांची थंडी इथूनच सुरू होते. एक ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. टीशर्टात १०० ग्रॅम घाम मुरला असेल (दिवसभर चालणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सहज होते) तर तो वाळायला ५८ किलोकॅलरी लागतील, आणि त्यातल्या बऱ्याचशा अंगातूनच जातील. बसलेल्या प्रौढाचे शरीर तासाला ८०-९० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. हिशेब सरळ आहे: आतषबाजीची वाट पाहत बसलेला माणूस आपल्या उष्णतेचा मोठा वाटा टीशर्ट वाळवण्यात घालवत असतो. म्हणून सूर्यास्ताच्या सुमारास स्वच्छतागृहात जाऊन टीशर्ट बदलावा. पाठ आणि काखा पुसून कोरडा टीशर्ट घालायचा आणि त्यावर थर चढवायचे. सॅकमध्ये याचे ओझे जेमतेम १५० ग्रॅम. आमच्या मते सौम्य थंडीतल्या पार्कसाठी याहून उपयोगी सल्ला नाही, आणि माहितीपत्रकात तो कुठेही आढळत नाही.

कापड निवडताना हाच मुद्दा डोळ्यांपुढे ठेवावा. सुती धागा पाणी आत ओढून घेतो. साध्या खोलीतल्या हवेतूनसुद्धा तो आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो; पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. लोकर तर १६ टक्क्यांपर्यंत धरते, पण तिचा धागा कुरळा असल्याने आत हवा राहते आणि ओली झाली तरी ती अंगाला तितकी चिकटून बसत नाही. त्यामुळे अंगालगतचा थर पॉलिएस्टरचा, किंवा परवडत असेल तर पातळ मेरिनो (मेंढ्यांच्या एका जातीच्या तलम) लोकरीचा असावा. पॉलिएस्टरला घामाचा वास लवकर लागतो, हे मान्य. तो रोज बदलावा किंवा रोज धुवावा. मेरिनो दोन-तीन दिवस चालतो. सुती कपडे अजिबात नेऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. रात्री झोपायला आणि पूर्ण कोरड्या, उबदार दिवसासाठी ते उत्तमच. दिवसभर घाम येणार आणि रात्री थांबायचे असेल, त्या दिवशी ते अंगाला लावू नयेत.

दुसरा थर फ्लीसचा, म्हणजे पॉलिएस्टरच्या मऊ, लोकरीसारख्या उबदार कापडाचा. फ्लीस १००, २०० आणि ३०० अशा जाडीत मिळते. हे आकडे दर चौरस मीटरला ग्रॅममधले वजन सांगतात. या हवेला १०० किंवा फार तर २०० चे घ्यावे. ३०० चे जाड जॅकेट पुन्हा कोटाच्याच वळणावर जाते. पुढे पूर्ण चेन असलेलेच घ्यावे. डोक्यावरून काढावा लागणारा स्वेटर रांगेत काढता येत नाही, टोपी-चष्मा घेऊन निघतो आणि आतला टीशर्टही वर ओढतो. चेन अर्धी उघडली की दोन-तीन अंशांचा फरक कपडा न काढताच भागतो.

तिसरा थर वारा अडवणारा: बिनअस्तराचा विंडचीटर, वजन १५० ते ३०० ग्रॅम. फ्लीसमधून वारा आरपार जातो, त्यामुळे नुसत्या फ्लीसवर रोलर कोस्टरमध्ये बसले की ते घातले आहे की नाही हेच कळत नाही. वाऱ्याने थंडी किती वाढते याचे सूत्र हवामान खाती वापरतात. त्यानुसार १० अंशांत ताशी ६० किलोमीटर वारा उघड्या त्वचेला ५ अंशांसारखा लागतो. ५ अंशांत तोच वारा उणे २ सारखा. कोस्टर ६० हून कितीतरी वेगाने धावतात. फेरी दोन-तीन मिनिटांची असल्याने धोका काही नाही, पण रात्री लागोपाठ चार फेऱ्या घेणाऱ्याला कान आणि बोटे बधिर झालेली जाणवतील. विंडचीटर थोडा मोठा घ्या, आत फ्लीस मावले पाहिजे. दुकानात नुसत्या टीशर्टावर घालून बघितलेला विंडचीटर फ्लीसवर खांद्यात अडकतो. म्हणून घरीच तिन्ही थर एकावर एक घालून बघावेत: हात डोक्यावर नेता येतात का, खाली वाकता येते का, बसल्यावर पाठ उघडी पडते का. दोन मिनिटांचे काम आहे आणि ते जवळजवळ कुणीही करत नाही.

हलके, दाबून मुठीएवढे होणारे पिसांचे जॅकेट हल्ली बरेच जण नेतात. कोरड्या थंडीत ते छानच. पण पिसे भिजली की गोळा होतात आणि ऊब संपते. वाळायला दिवस जातो. जिथे पाण्याच्या राइड आणि अवचित सर येण्याची शक्यता असते तिथे कृत्रिम भरावाचे जॅकेट बरे. ते भिजले तरी काही ऊब देते.

खाली काय घालावे, यावर एक मत ठामपणे मांडतो: जीन्स पार्कच्या दिवशी नको. जीन्सचे कापड दर चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या वर असते, म्हणजे टीशर्टाच्या दुपटीहून जाड. पाण्याच्या राइडवर भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही, मांड्यांना घासते आणि जड होऊन कमरेवरून घसरते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची, थोडी ताण घेणारी ट्रेकिंगची पँट तासा-दीड तासात वाळते आणि तिच्या खिशांना चेन असते. ज्यांना थंडी जास्त लागते त्यांनी आतून पातळ थर्मल पँट न्यावी, पण ती सकाळी घालून निघू नये. वरचा थर रांगेत काढता येतो, खालचा येत नाही. दुपारी पाय उकडून निघतात. सॅकमध्ये ठेवून टीशर्टाबरोबरच सूर्यास्ताला चढवावी.

आता पाय. कपड्यांच्या बाबतीत झालेली चूक रात्रीपुरती असते. बुटांची चूक पुढचे चार दिवस भोगावी लागते. पार्कमध्ये दिवसाला १५ ते २० हजार पावले होणे नेहमीचे, म्हणजे दहा ते चौदा किलोमीटर, तेही डांबर आणि काँक्रीटवर. नवे बूट घालून जाणे हे फोडांना आमंत्रण. निघण्याआधी किमान तीन आठवडे ते रोज वापरलेले असावेत, आणि एकदा तरी सलग आठ-दहा किलोमीटर त्यांतून चालून झालेले असावे. संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत, तेही जे मोजे घालणार आहात तेच घालून. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जोड दोन असावेत आणि एक दिवस आड घालावेत. आतला फोम घामाने ओला होतो आणि एका रात्रीत पुरता वाळत नाही. दुसऱ्या दिवशी तोच जोड घातला की त्वचा सकाळपासूनच ओली राहते, आणि ओली त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा फार लवकर सोलवटते.

मोजे सुती नकोत. लोकरमिश्रित किंवा पॉलिएस्टर-नायलॉनचे, टाचेवर चपखल बसणारे हवेत. सैल मोजा दुमडतो आणि त्या घडीखाली फोड येतो. रोज दोन जोड धरावेत: दुपारी दोनच्या सुमारास कुठेतरी बसून बूट काढावेत, पाय पाच मिनिटे हवेला लावावेत आणि दुसरा जोड घालावा. टाचेला किंवा करंगळीला चुरचुर जाणवली तर लगेच चिकटपट्टी लावावी. फोड आल्यावर लावलेली पट्टी दुखणे कमी करते, चालणे परत देत नाही. मांड्या घासणाऱ्यांनी आतून सायकलिंगची चड्डी घालावी किंवा व्हॅसलीन लावावे. हे कुणी बोलत नाही, पण पार्कमध्ये तिसऱ्या दिवशी पाय फाकवून चालणाऱ्यांचे कारण बहुधा हेच असते.

राइडवर बसताना कपड्यांचा संबंध सुरक्षेशी येतो, आणि इथे जाड कोटाविरुद्ध आणखी एक कारण आहे. जाड कोटात हवा भरलेली असते. मांडीवरचा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारा अडसर अंगाऐवजी त्या हवेवर टेकतो. राइड सुरू झाली की कोट दबतो आणि अंग व अडसर यांत फट पडते. लहान मुलांना मोटारीतल्या खास आसनात जाड कोट घालून बसवू नये असे सांगतात, त्याचे कारणही हेच. शिवाय अडसर नीट बसला नाही किंवा पट्टा पुरला नाही तर कर्मचारी कोट काढायला लावतात, आणि मग तो ठेवायचा कुठे हा प्रश्न उभा राहतो. पातळ तीन थरांना ही अडचण येत नाही.

लोंबणारे काहीही नको. स्टोल, मफलर, ओढणी, लांब नाडी यांपैकी जे चाकात, कड्यात किंवा दारात अडकू शकते ते राइडवर चढण्याआधी सॅकमध्ये जावे. गळ्याला ऊब हवीच असेल तर नळीसारखी पट्टी, जी डोक्यातून घालतात, ती घ्यावी. तीच कान झाकते आणि टोपीचेही काम करते. मुलांच्या जॅकेटच्या टोपीतली नाडी ओढून काढून टाकावी. अमेरिकेत आणि युरोपात लहान मुलांच्या कपड्यांतल्या अशा नाड्यांवर निर्बंध आहेत, पण जुन्या किंवा इतरत्र घेतलेल्या जॅकेटला ती असू शकते. सपाता आणि मागे पट्टा नसलेल्या सँडल अनेक राइडवर चालत नाहीत; पाय लोंबकळत असलेल्या कोस्टरवर त्या पडतातच. काही मोठ्या कोस्टरच्या दारात धातुशोधक लावलेले असतात आणि खिशातले सारे लॉकरमध्ये ठेवावे लागते. अशा वेळी चेनचे खिसेही उपयोगाचे नाहीत, तेव्हा खिशांत मुळात कमीच वस्तू ठेवाव्यात.

पाण्याच्या राइड सौम्य थंडीतही चालू असू शकतात. त्या करायच्या असतील तर बारा ते दोन या वेळात, म्हणजे वाळायला ऊन मिळते. तीननंतर भिजलेला माणूस रात्रीपर्यंत ओलाच राहतो, आणि पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता वाहून नेते. पोंचो (डोक्यातून घालायचा, बाह्या नसलेला सैल रेनकोट) घेतला म्हणजे झाले, असे समजू नये. पोंचो वरून येणारे पाणी अडवतो. आसनावर साचलेले पाणी खालून येते आणि तराफ्याच्या तळात आलेले पाणी बुटांत शिरते. यासाठी पोंचो पुरेसा लांब हवा, बसताना तो पार्श्वभागाखाली घ्यायचा. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नये, ओल्या पायऱ्यांवर पाय घसरतो. त्याऐवजी त्या दिवशी मागे पट्टा असलेल्या सँडल सॅकमध्ये न्याव्यात, राइडपुरत्या घालाव्यात, आणि बूट-मोजे प्लास्टिकच्या चेनच्या पिशवीत कोरडे ठेवावेत. बूट भिजलेच तर रात्री आतले तळवे बाहेर काढून चुरगळलेले वर्तमानपत्र आत कोंबावे आणि दोन तासांनी कागद बदलावा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा बुटांवर धरू नये. तळव्याचा गोंद सैल होतो.

पाऊस आला तर छत्री गर्दीत निरुपयोगी, दुसऱ्याच्या डोळ्यांत जाते. सॅकसकट झाकणारा पोंचो बरा. माणशी दोन न्यावेत, कारण पातळ पोंचो काखेत फाटतात. त्यांच्या आतल्या बाजूला घाम साचतो, तेव्हा सर थांबली की लगेच काढावा.

मुलांची बाब वेगळी धरावी. बाबागाडीत बसलेले मूल हलत नाही. गाडी ढकलणाऱ्याला घाम येत असतो आणि तो स्वतःवरून अंदाज करून मुलाचे जॅकेट काढतो. नियम असा ठेवावा: मूल गाडीत असेल तर त्याच्या अंगावर ढकलणाऱ्यापेक्षा एक थर जास्त. अंदाज घ्यायचा तर हात-पाय चाचपू नयेत, ते गारच लागतात. मानेच्या मागे दोन बोटे आत घालून पाहावे. मान घामट असेल तर एक थर कमी, गार असेल तर एक जास्त. पांघरूण चाकांपर्यंत लोंबू देऊ नये, बाजूंना खोचावे. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी रोज एक पूर्ण जास्तीचा जोड सॅकमध्ये हवा, मोजे आणि चड्डीसह, प्रत्येक जोड वेगळ्या पिशवीत बांधलेला. हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत, एक हरवतोच. आणि सर्व भावंडांना एकाच भडक रंगाचे वरचे जॅकेट द्यावे: रात्रीच्या गर्दीत शोधायला काळा आणि गडद निळा हे सर्वांत वाईट रंग.

पाच दिवस पार्कमध्ये घालवणाऱ्या प्रौढाला आमच्या हिशेबाने इतके पुरते: पॉलिएस्टरचे किंवा मेरिनोचे टीशर्ट सहा, त्यांतले दोन पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणाऱ्या पँट दोन, तिसरी अंगावर, पूर्ण चेनचे फ्लीस एक, विंडचीटर एक, पातळ थर्मल पँट एक, मोजे आठ जोड, मधे एकदा धुऊन, आतले कपडे सात, पातळ हातमोजे, कानटोपी आणि उन्हाची टोपी प्रत्येकी एक, पोंचो दोन, बूट दोन जोड, त्यातला एक पायात, सँडल एक, झोपायचे कपडे आणि हॉटेलच्या तलावासाठी पोहण्याचा पोशाख. फ्लीस आणि विंडचीटर मिळून अर्धा किलोच्या आसपास भरतात. एक जाड कोट एकटा किलो-सव्वा किलोचा असतो. वजनाची बचत इथेच झाली.

सॅक १५ ते २० लिटरची पुरते. तिच्यात तळाशी रात्रीचा कोरडा टीशर्ट आणि थर्मल, एका बंद पिशवीत. मध्ये दुपारचे मोजे. वर फ्लीस आणि विंडचीटर, कारण तेच सतत आतबाहेर करतात. बसायला फोमची घडीची पातळ चटई पाठीच्या बाजूला सरकवावी. गार फरशी खालून ऊब ओढते आणि त्यावर वरचे कपडे काही करू शकत नाहीत. कुटुंबातल्या प्रत्येकाचे थर एकाच्याच सॅकमध्ये भरू नयेत. रांगा वेगळ्या होतात, एक जण मुलांबरोबर मागे राहतो, आणि सगळ्यांची जॅकेटे पार्कच्या दुसऱ्या टोकाला असतात. लॉकर घेणार असाल तर तो कुठे आहे हे पाहून घ्यावे. मोठ्या पार्कमध्ये दारापाशी परत जाऊन येण्यात अर्धा तास सहज जातो.

हवामानाचा अंदाज दहा दिवस आधी पाहून बॅग भरणे व्यर्थ आहे. आठवड्यापलीकडच्या अंदाजावर एखाद्या दिवसाचे कपडे ठरवू नयेत. वरची यादी आधी भरून ठेवावी आणि निघण्याच्या तीन दिवस आधी फक्त दोन गोष्टी ठरवाव्यात: थर्मल लागेल का, आणि अर्ध्या-पूर्ण बाह्यांचे प्रमाण किती. त्या वेळी दिवसाचे कमाल-किमान न पाहता तासातासाचा अंदाज उघडावा आणि सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री नऊ हे तीन आकडे, त्यांच्याबरोबर वारा आणि ‘प्रत्यक्ष जाणवणारे’ तापमान टिपून घ्यावे. थंड हवेची लाट बहुधा ठरावीक क्रमाने येते: आधी पावसाची सर, मग जोरदार वारा, आणि त्यानंतर एक-दोन निरभ्र, खूप गार रात्री. ढग नसले की जमिनीची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते. त्यामुळे आदल्या दिवशी पाऊस पडून आज आकाश लख्ख निळे झाले असेल तर त्या ऊबदार वाटणाऱ्या दुपारवर भरवसा ठेवू नये. थर्मल त्याच दिवशी सॅकमध्ये हवी.

पहिल्या दिवसाचे तिन्ही थर, एक जोड मोजे आणि बदलायचा टीशर्ट हातातल्या बॅगेत ठेवावेत. विमानात गारवा असतोच, आणि मोठी बॅग उशिरा आली तरी पहिला दिवस वाया जात नाही. हवा काढून दाबायच्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन वाचत नाही, हे तराजूवर ठेवून पाहावे.

धुलाईसाठी मधला एक दिवस धरला की निम्मे कपडे कमी न्यावे लागतात. हॉटेलच्या बेसिनमध्ये टीशर्ट-मोजे साबणाने धुवून पिळावेत, मग कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट घट्ट गुंडाळावेत आणि त्या वळकटीवर पायाने दाब द्यावा. बरेचसे पाणी टॉवेलमध्ये उतरते. पॉलिएस्टर रात्रीतून वाळते, जाड सुती मोजे वाळत नाहीत. दोरी नेण्याची गरज नाही, हॅंगर पुरतात. फक्त कपड्यांमध्ये वितभर अंतर ठेवावे. परतीच्या आदल्या रात्री काहीही धुऊ नये. ओले कपडे बंद बॅगेत पडले की सगळ्या बॅगेला कुबट वास लागतो. त्या दिवशीचे घामेजलेले कपडे निदान रात्रभर हवेशीर टांगावेत आणि सकाळी वेगळ्या पिशवीत भरावेत.

आपल्या पर्यटन पुरवणीकडे आणि सहल आयोजकांकडे एक मागणी आहे. ‘उबदार कपडे घ्यावेत’ या ओळीच्या जागी चार आकडे छापा: पार्क उघडण्याच्या वेळचे तापमान, दुपारी दोनचे, सूर्यास्ताची वेळ, आणि शेवटच्या कार्यक्रमाच्या वेळचे तापमान. जागा एका ओळीचीच लागेल. त्याखाली ‘पातळ तीन थर, रात्रीसाठी कोरडा टीशर्ट, वापरलेले बूट’ एवढे जोडले तर वाचकाला दुकानात जाण्याआधीच कळेल की जाड कोट घ्यायचाच नाही.

आपले,
पार्कभेटींची तयारी करून देणारे काही वाचक